ओपीचा दगड

परवा शनिवारी 'अपोलो १३' पुन्हा एकदा पाहिला. कितव्यांदा ते मोजणं सोडून दिलंय. पण यावेळी एक गोष्ट पहिल्यांदाच केली, ती म्हणजे चित्रपट संपल्यावर रिमोट हातात असूनही शेवटची नावं पूर्ण वाचली. आणि त्यात हॉवर्डच हॉवर्ड! दिग्दर्शक रॉन हॉवर्ड हे माहीत होतं. पण कंट्रोल रूममधला एक जण क्लिंट हॉवर्ड, धर्मोपदेशक झालेले रान्स हॉवर्ड, आणि जिम लोव्हेलची म्हातारी आई, जी म्हणते की वॉशिंग मशीन उडवता आलं तर माझा जिमी तेही उतरवून दाखवेल, ती जीन स्पीगल हॉवर्ड. भाऊ, वडील आणि आई. म्हटलं हे काय घरचं कार्य आहे की काय? मग अख्खा रविवार या माणसाच्या मागे गेला. धुणं तसंच राहिलं. असो.

रॉन हॉवर्डचा जन्म १ मार्च १९५४ चा, ओक्लाहोमातल्या डंकन गावचा. आपल्याला तो 'अ ब्यूटिफुल माइंड' किंवा 'द दा विंची कोड'चा दिग्दर्शक म्हणून माहीत. अमेरिकेतल्या विशिष्ट वयाच्या लोकांसाठी मात्र तो अजूनही ओपी आहे. १९६० ते १९६८ अशी आठ वर्षं 'द अँडी ग्रिफिथ शो' नावाची मालिका चालली. एका छोट्या गावातला विधुर शेरीफ आणि त्याचा लहान मुलगा ओपी. मालिकेची सुरुवात अशी : बाप-लेक मासे पकडायच्या काठ्या खांद्यावर टाकून तळ्याकाठच्या वाटेने चाललेत, मागे शिट्टीवर एक निवांत चाल, ओपी वाकून दगड उचलतो आणि तळ्यात भिरकावतो. दगड पाण्यात पडतो.

गंमत म्हणजे पाण्यात पडलेला दगड ओपीचा नाहीच. सहा वर्षांच्या पोराचा दगड पाण्यापर्यंत पोचेचना. शेवटी सेटवरचं सामान सांभाळणाऱ्या माणसाला झुडपामागे लपवलं. रॉनने हात फिरवला की तो तिकडून दगड टाकायचा. हे हॉवर्डने स्वतःच सांगितलंय. मी यूट्यूबवर ते टायटल पाच-सहा वेळा थांबवून थांबवून पाहिलं, आणि एकदा कळल्यावर ते लपत नाही!

मला यातलं काय आवडलं सांगतो. देशभरातली मुलं तो दगड बघत होती, पण दगड कोण टाकतो हे ज्याला दिसत होतं असा मुलगा एकच. कॅमेरा कुठे ठेवलाय, प्रकाश का बदलला, हा माणूस झुडपात का बसलाय, हे सगळं त्याला पाढे पाठ व्हायच्या वयात दिसत होतं. सेटवर मास्तरीणबाई रोजचे तीन तास शिकवायच्या म्हणे, पण खरी शाळा बाहेर भरलेली होती.

त्याच शाळेतला एक प्रसंग तो नेहमी सांगतो. सात वर्षांचा असताना एका सीनच्या तालमीत त्याने दिग्दर्शकाला सांगितलं की लहान मुलगा हे वाक्य असं म्हणणार नाही. दिग्दर्शक म्हणाला, मग तू कसं म्हणशील? त्याने म्हणून दाखवलं आणि ते तसंच ठेवलं गेलं. पोरगं तिथेच उभं राहून दात काढतंय. अँडी ग्रिफिथने विचारलं, काय झालं रे हसायला? तो म्हणाला, माझी सूचना तुम्ही पहिल्यांदाच घेतलीत. त्यावर अँडीचं उत्तर असं की जरा बरी म्हणावी अशी तुझी ही पहिलीच होती, चल आता काम करू!

सात वर्षांच्या मुलाला असं उत्तर देणारा माणूस त्याला बच्चा समजत नव्हता, सहकारी समजत होता. कौतुकाने गाल ओढून सोडून दिलं असतं तर तो कदाचित तिथेच थांबला असता.

याचं थोडं श्रेय वडिलांना. रान्स हॉवर्ड स्वतः नट, मोठं नाव कधीच झालं नाही. मालिका सुरू होताना त्यांनी अँडी ग्रिफिथला सुचवलं की टीव्हीवरची मुलं नेहमी आगाऊ, बापाला उलटून टोमणे मारणारी असतात. हा मुलगा वडिलांना मान देतो असं दाखवून बघा ना. ग्रिफिथला ते पटलं. पुढे रान्स आणि रॉन एकमेकांशी कसे वागतात ते बघून त्याने पडद्यावरचं नातं उभं केलं.

इथे थोडा इतिहास सांगणं भाग आहे, नाहीतर या आई-बापाचं महत्त्व कळायचं नाही. चॅप्लिनच्या 'द किड' (१९२१) मधला तो पोरगा आठवतो? जॅकी कूगन. लहानपणी त्याने तीस-चाळीस लाख डॉलर कमावले असा अंदाज आहे. मोठा झाल्यावर हिशोब मागायला गेला तर आई आणि सावत्र बाप बहुतेक पैसे उडवून बसलेले. १९३८ साली त्याने कोर्टात खेचलं, आणि हातात पडले जेमतेम सव्वा लाख डॉलर. यावरून १९३९ मध्ये कॅलिफोर्नियाने बालकलाकारांच्या कमाईचा काही भाग राखून ठेवायचा कायदा केला. तरी पुढच्या पिढ्यांतही बालकलाकारांच्या कथा फारशा बऱ्या नाहीत. कर्ज, व्यसन, नाहीतर तिसाव्या वर्षी कुठल्यातरी जत्रेत सह्या देत बसणं. हॉवर्डच्या घरात मुलाच्या पैशावर घर चालवायचं नाही असा दंडक होता. आईने मुलांसाठी स्वतःचा अभिनय बाजूला ठेवला होता. रॉन आणि क्लिंटने मिळून २०२१ साली 'द बॉइज' नावाचं पुस्तक लिहिलं, त्यात हे सगळं मोकळेपणाने आलंय.

मालिका १९६८ मध्ये बंद झाली. आता तो चौदा वर्षांचा, लाल केसांचा, ठिपकेदार चेहऱ्याचा एक निवृत्त कलाकार. सुपर-एट कॅमेऱ्यावर स्वतःच्या छोट्या फिल्म करायला लागला होता. १९७१ मध्ये एका मालिकेत हेन्री फोंडा त्याचा बाप झाला आणि फोंडानेही त्याला दिग्दर्शन करच असं प्रोत्साहन दिलं. पुढे साउदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या फिल्म स्कूलला गेला, पण शिक्षण पुरं केलं नाही. १९७३ ला जॉर्ज लुकासचा 'अमेरिकन ग्राफिटी' आला. पन्नाशीच्या दशकाच्या आठवणींचं तेव्हा पेव फुटलं होतं, आणि त्या लाटेवर एबीसी वाहिनीने जानेवारी १९७४ मध्ये 'हॅपी डेज' आणली. १९५० च्या दशकातलं मिलवॉकी शहर, एक सज्जन कुटुंब आणि त्यातला सज्जन मुलगा रिची कनिंगहॅम. रिची म्हणजे आपला रॉन. मालिकेचा नायक.

नायक म्हणजे, काही दिवस.

कारण मालिकेत फॉन्झी नावाचं एक छोटं पात्र होतं. मोटरसायकलवाला, केस मागे वळवलेले, चामडी जॅकेट. (वाहिनीला ते जॅकेट गुंडाचं वाटायचं, म्हणून आधी आधी मोटरसायकल जवळ असेल तरच घालायची परवानगी होती! क्लायंटच्या चित्रविचित्र रिक्वायरमेंट्स झेललेल्यांना हे ओळखीचं वाटेल.) हेन्री विंकलरने ते पात्र असं काही केलं की देश वेडा झाला. जेवणाच्या डब्यांवर फॉन्झी, टी-शर्टवर फॉन्झी. १९७६-७७ च्या हंगामात मालिका अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होती ती त्याच्यामुळे. शेवटी वाहिनीतल्या साहेबांच्या डोक्यात आलं की मालिकेचं नावच 'फॉन्झीज हॅपी डेज' करावं.

रॉनने निर्माता गॅरी मार्शलला सरळ सांगितलं की नाव बदललंत तर मी निघालो. मी रिचीचं काम घेतलंय, फॉन्झीच्या मालिकेतल्या मित्राचं नाही. विंकलरनेही नाव बदलायला विरोध केला. ते बारगळलं. दोघांची मैत्री टिकली, आजही आहे. पण पगार चालू, काम सोपं, आणि हळूहळू आपण आपल्याच प्रोजेक्टमध्ये सपोर्ट रोलला गेलोय, ही जाणीव काय असते ते आपल्यापैकी बऱ्याच जणांना सांगायला नको. अशा वेळी माणूस काय करतो? मी तरी कॅन्टीनमध्ये बसून कुरकुर करतो.

रॉनने सौदा केला. हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो, म्हणून जरा सविस्तर.

हॉलिवुडात तेव्हा रॉजर कॉर्मन नावाचा एक वल्ली निर्माता होता (२०२४ मध्ये गेला, ९८ व्या वर्षी). स्वस्तातले, पटकन होणारे चित्रपट काढायचा. कपोला, स्कॉर्सेसी हे सगळे त्याच्या हाताखालून गेलेले. पैसे कमी द्यायचा पण संधी द्यायचा. त्याला रॉन 'ईट माय डस्ट' (१९७६) या गाड्या आपटण्याच्या चित्रपटात नट म्हणून हवा होता. रॉनचं म्हणणं, मला दिग्दर्शन करायचंय. त्याने ते काम घेतलं ते त्या बदल्यात पुढे काहीतरी मिळेल या बोलीवर. चित्रपट चालला. मग कॉर्मन म्हणाला, या चित्रपटासाठी आम्ही नावांची चाचणी घेतली होती, त्यात दुसऱ्या क्रमांकावर 'ग्रँड थेफ्ट ऑटो' हे नाव होतं. त्या नावाला शोभेल अशी, गाड्या आपटण्याची, तू नायक असलेली गोष्ट आणलीस तर दिग्दर्शन तुझं.

म्हणजे आधी नाव ठरलं, मग गोष्ट! रॉन आणि वडील रान्स यांनी बसून पटकथा लिहिली. सुमारे सहा लाख डॉलरचं बजेट. नायक स्वतः, वडील आणि भाऊ कामाला, 'हॅपी डेज'मधली आई मॅरियन रॉससुद्धा कामाला. संकलक होता जो डान्टे, जो पुढे 'ग्रेमलिन्स'चा दिग्दर्शक झाला. रॉनने गर्दीसाठी जास्त माणसं मागितली की कॉर्मन नाही म्हणायचा. वर सांगायचा, हा सिनेमा नीट केलास तर तुला पुन्हा माझ्याकडे काम करावं लागणार नाही. १९७७ च्या उन्हाळ्यात चित्रपट लागला आणि गुंतवणुकीच्या कितीतरी पट कमावून गेला. दिग्दर्शक तेवीस वर्षांचा होता. (त्या नावाच्या व्हिडिओ गेमचा याच्याशी संबंध नाही. तो पुढे १९९७ चा.)

चित्रपट मी पाहिला. चांगला आहे का? नाही. पण कुठली गाडी कुठून येते आणि कुठे आपटते ते प्रत्येक वेळी स्पष्ट कळतं. आजच्या पाऊणशे कोटींच्या पाठलागांत तेवढंही कळत नाही.

आणि आता हे पहा. त्याच वर्षी, सप्टेंबर १९७७ मध्ये, 'हॅपी डेज'चा तो कुप्रसिद्ध भाग प्रसारित झाला ज्यात फॉन्झी चामडी जॅकेट घालून वॉटर-स्कीवरून शार्कवर उडी मारतो. मालिकेची घसरण कुठून सुरू झाली हे सांगायला 'शार्कवर उडी' हा वाक्प्रचार इंग्रजीत यावरूनच पडला. फॉन्झीला ओढणारी ती मोटरबोट कोण चालवतंय? रिची. स्वतःचा चित्रपट दिग्दर्शित करून, तो चालवून दाखवून, हा माणूस टीव्हीवर दुसऱ्याच्या उडीसाठी बोट चालवत होता. आणि चेहऱ्यावर तेच सज्जन हसू.

१९८० मध्ये करार संपला तेव्हा त्याने मालिका सोडली. मालिका पुढे १९८४ पर्यंत चालली. सव्वीस वर्षांचा, घरी बायको, आणि बाहेर सगळं जग ओपी किंवा रिची म्हणून हाक मारणारं. त्यातलाच बेटी डेव्हिसचा किस्सा. टीव्हीसाठीच्या 'स्कायवर्ड' (१९८०) या चित्रपटात ही दोन ऑस्कर मिळवलेली, बहात्तरीची, जिभेची धार न गेलेली बाई होती. फोनवर ती त्याला मिस्टर हॉवर्ड म्हणायला लागली. तो म्हणाला, मला रॉन म्हणा. ती म्हणाली, तू मला आवडतोस की नाही ते ठरेपर्यंत मी मिस्टर हॉवर्डच म्हणणार. पहिल्या दिवशी त्याने एका सीनमध्ये बदल सुचवला. तिला पटेना. करून पाहिल्यावर म्हणाली, बरोबर आहे तुझं. संध्याकाळी जाताना "रॉन, उद्या भेटू" असं म्हणत पार्श्वभागावर एक चापटी मारून गेली. अँडीची पहिली सूचना ते बेटीबाईंची चापटी, मधे एकोणीस वर्षं!

पुढचं भराभर सांगतो कारण ते तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. १९८२ ला निर्माता ब्रायन ग्रेझरबरोबर 'नाइट शिफ्ट' केला. त्यात शवागारात रात्रपाळी करणाऱ्या भित्र्या, दबलेल्या माणसाच्या भूमिकेत घेतलं कुणाला, तर हेन्री विंकलरला. फॉन्झीला बुजरा केला आणि सूचना द्यायला रिची! मला हा सूड वाटत नाही, मित्राला पिंजऱ्याबाहेर काढणं वाटतं. १९८४ ला 'स्प्लॅश', टॉम हँक्स. १९८५ ला 'कोकून', ज्यासाठी डॉन अमिची या जुन्या नटाला सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. मग ग्रेझरबरोबर स्वतःची कंपनी.

टीव्हीवरून आलेला तो एकटा नव्हता. क्लिंट ईस्टवुड 'रॉहाइड' मालिकेतला, त्याने १९७१ मध्ये दिग्दर्शन सुरू केलं. रॉब रायनर 'ऑल इन द फॅमिली'तला, १९८४ मध्ये आला. पेनी मार्शल तर 'हॅपी डेज'मधूनच फुटून निघालेल्या मालिकेतली, आणि तिचा 'बिग' (१९८८) हा अमेरिकेत दहा कोटी डॉलरच्या वर धंदा करणारा बाईने दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट. सिनेमावाले ज्या टीव्हीकडे नाक मुरडत, त्याच टीव्हीने ही माणसं दर आठवड्याला एक भाग वेळेत संपवायच्या शिस्तीत घडवली होती.

आता माझी तक्रार. हॉवर्डच्या चित्रपटांत धोका कमी असतो. 'फार अँड अवे' मला गोड गोड वाटतो, 'द दा विंची कोड' (२००६) मध्ये पुस्तकातली घाई पण नाही आणि गंमत पण नाही. कुठलीही फ्रेम पाहून 'हा हॉवर्ड' असं ओळखता येत नाही, हे समीक्षक म्हणतात ते खरं आहे. पण एक विषय आला की तो जागा होतो. आपलं काम येणारी बरीच माणसं एकत्र अडचणीत सापडली की. 'बॅकड्राफ्ट'मधले आगीचे बंबवाले, 'द पेपर'मधलं वर्तमानपत्राचं ऑफिस, आणि या सगळ्यांच्या वर 'अपोलो १३' (१९९५).

त्यातला तो सीन आठवा. टेबलावर पाइप, पिशव्या, मोज्यांसकट सगळं ओततात आणि चौकोनी फिल्टर गोल भोकात बसवायचाय, फक्त या सामानात. मी कॉलेजात असताना हा सीन पाहून इंजिनिअर होण्याबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं होतं. वजनरहित अवस्थेसाठी हॉवर्डने तारा आणि दोऱ्या वापरल्या नाहीत. नासाच्या केसी-१३५ विमानात यानाचा सेट बांधला. हे विमान वर चढून कमानीसारखं खाली येतं आणि तेवढ्यात साधारण २३ सेकंद सगळे तरंगतात. मग पुन्हा वर. अशा ६१२ कमानी त्यांनी केल्या. म्हणजे २३-२३ सेकंदांचे तुकडे जोडून सगळे मिळून चार तासांहून कमीच तरंगणं हाताशी आलं. नटांनी वाक्यं म्हणायची, कॅमेरा नीट ठेवायचा, उलटी दाबायची, आणि हे सगळं वेळेत. कॉर्मनच्या शाळेत शिकलेलंच जमायचं हे.

आणि कॉर्मनही आहे त्यात! नासाला भेट देणारा एक काँग्रेस सदस्य लोव्हेलला विचारतो की रशियनांना हरवलं ना चंद्रावर, मग आता या कार्यक्रमावर पैसे कशाला घालवायचे. तो कॉर्मन. जादा माणसांचे पैसे न देणाऱ्याला हॉवर्डने नेमकं तेच काम दिलं.

'अपोलो १३'ला ऑस्करची नऊ नामांकनं मिळाली, दिग्दर्शनाचं नाही. त्याच वर्षी दिग्दर्शकांच्या संघटनेने मात्र, म्हणजे सेटवर काय चालतं ते ज्यांना कळतं त्यांनी, आपला पुरस्कार हॉवर्डलाच दिला. ऑस्कर मिळालं ते २००२ च्या सोहळ्यात, 'अ ब्यूटिफुल माइंड'साठी. तो माझ्या दृष्टीने कमी चांगला चित्रपट. खऱ्या जॉन नॅशला माणसं दिसत नसत, आवाज ऐकू येत. त्याचा आणि अलिशियाचा १९६३ मध्ये घटस्फोट झाला होता, आधीच्या नात्यातला एक मुलगा होता, यातलं काही चित्रपटात नाही. आजार प्रेक्षकाला आतून दाखवायची युक्ती भारी आहे, पण संसार इस्त्री करून ठेवलाय. ओपीच्या गावात वाढलेल्या माणसाला घटस्फोट दाखवणं जड गेलं असेल का? मला तसं वाटतं खरं.

त्या रात्री तो आईबद्दल बोलला. जीन २००० साली गेली होती. मुलं मोठी झाल्यावर उतारवयात तिने पुन्हा कामं सुरू केली होती, 'अपोलो १३'मधली आजी त्यातलीच. तो म्हणाला, या चित्रपटासाठी मला हे मिळणार असं आईने भाकीत केलं होतं, अर्थात ते ती माझ्या प्रत्येक चित्रपटाच्या वेळी करायची.

रविवारी रात्री शेवटी 'थर्टीन लाइव्ह्ज' (२०२२) पाहिला. २०१८ च्या जूनमध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत बारा मुलं आणि त्यांचा कोच अडकले होते, ती गोष्ट. गुहेतलं पाणी उपसायच्या कामात सल्ला द्यायला आपल्या पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्सची माणसं गेली होती, तेव्हा इथल्या पेपरांत बातम्याही आल्या होत्या. चित्रपटात मोठे नट आहेत, पाणबुडे आहेत. पण हॉवर्ड मधेच डोंगरावर जातो. पाणी गुहेत शिरू नये म्हणून काही लोक पावसात बांबूचे पाट आणि मातीचे बांध घालतायत, आणि ते वळवलेलं पाणी खालच्या शेतांत जाणार आहे. शेतकऱ्यांना विचारलं जातं. भातं बुडणार आहेत. ते आपसात थोडं बोलतात आणि हो म्हणतात. मुलं ज्या बाजूने बाहेर येतात तिथे यातलं कुणीच उभं नाही.